सूपभर नाचणी

पहिला दिवस : कुडाळ, धामापूर

कोकणकन्या कुडाळला लागली तेव्हा फलाटावर धुकं होतं. दादा गाडी घेऊन आला होता. दादा म्हणजे आजीच्या भाच्याचा मुलगा. पिशवी हातातून घेता घेता त्याने विचारलं, "भुतां बघूक इलंस मगे?" मी हो म्हटलं. तो हसला नाही. "बरां केलंस," एवढंच म्हणाला आणि गाडी मालवणच्या रस्त्याला लावली.

आजीला जाऊन वर्ष झालं. ती वेंगुर्ल्याकडची. लग्न होऊन मुंबईला आली आणि गिरणगावातल्या एका खोलीत तिने आम्हा नातवंडांपुढे सगळं दक्षिण कोकण उभं केलं, तेही रात्री दिवा मालवल्यावर. पिंपळावरचा मुंजा, म्हणजे मुंज होऊन सोडमुंज व्हायच्या आत गेलेला मुलगा. पाण्यातला गिऱ्हा, बुडून मेलेला. रात्री मासे धरायला गेलेल्याकडे तो मासा मागतो, आणि त्याची शेंडी ज्याच्या हाती लागली त्याच्या घरी तो गड्यासारखा राबतो. वारस न ठेवता गेलेला आणि पुरलेल्या पैशावर बसून राहिलेला समंध. वाट फिरवणारा चकवा. हे सगळे आमच्याबरोबर त्या चाळीत वाढले. एक गोष्ट मात्र तिने कधीच सांगितली नाही. तिच्या माहेरच्या घरामागे, आंब्याच्या बागेत एक बाव आहे. बाव म्हणजे विहीर. तिन्हीसांजेनंतर तिथे कोणी जात नसे. का, असं विचारलं की आजी भिंतीकडे तोंड करून झोपायची. त्या बावीपर्यंत जायचं म्हणून मी ही चार दिवसांची वाट आखली होती. पौषातली अमावस्या जवळ आली होती.

गाडीत झोप लागली नाही म्हणून रात्रभर मोबाइलवर जुन्या नोंदी वाचत होते. कोकणातल्या लोकसमजुतींच्या या नोंदी १९१५ साली मुंबईत छापल्या गेल्या. त्या जमवायला घेतल्या होत्या ए. एम. टी. जॅक्सन यांनी, म्हणजे नाशिकच्या ज्या कलेक्टरवर २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या, तेच. शाळेत आपण त्यांचं नाव त्या एका घटनेपुरतं वाचतो. हा माणूस संस्कृत जाणणारा होता आणि गावोगावच्या मास्तरांकडून भुताखेतांची माहिती मागवून घेत होता, हे मला फार उशिरा कळलं. त्यांच्यामागे एन्थोवेन या दुसऱ्या इंग्रज अधिकाऱ्याने काम पुरं केलं. नोंदींखाली माहिती देणाऱ्या मास्तरांचं नाव नसतं, गाव असतं : शाळामास्तर, अमुक गाव, जिल्हा रत्नागिरी. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये वेगळा झाला, त्यामुळे आजीचा मुलूख त्या पानांवर रत्नागिरीतच येतो.

त्यात भुतांची जंत्री आहे. वाचत गेलं की दिसतं, प्रत्येक नावामागे मरणाची एक तऱ्हा आहे. बाळंतपणात गेली ती अळवंत, ती हडळ. लग्नाआधी गेला तो एक, पाण्यात गेला तो दुसरा. अंथरुणावर, पिकल्या वयात, नातवंडांच्या हातचं पाणी पिऊन गेलेल्या कोणाचं भूत झाल्याचं त्या पानांत मला कुठे सापडलं नाही. ज्यांचं काही राहून गेलं तेवढेच मागे राहिले.

बाळंतिणीच्या नोंदीपाशी मी थांबले. तिथे लिहिलंय, बाळंतपणात मेलेली बाई घरी परतू नये म्हणून तिला नेताना वाटेवर राळ्याचे दाणे टाकत जातात. दाणा न् दाणा वेचल्याशिवाय तिला घर गाठता येत नाही, आणि राळा इतका बारीक की वेचता वेचता उजाडतं. हे वाचून मी मोबाइल बंद केला. खिडकीबाहेर बोगदा चालू होता.

नेरूरपारला कर्ली नदी ओलांडून आम्ही धामापूरला आलो. भगवतीच्या देवळाच्या पायऱ्या थेट तळ्यात उतरतात. हे तळं १५३० साली, विजयनगरच्या अमलात, बांध घालून केलेलं. २०२० मध्ये त्याला जागतिक सिंचन वारशाच्या यादीत जागा मिळाली, आणि आजही त्याचं पाणी शेतीला जातं. आजीच्या गोष्टीतलं तळं ते हेच. घरात लग्न निघालं आणि अंगावर घालायला सोनं नसलं की फुलांचे दागिने करायचे. फुलांचा हार, फुलांच्या पाटल्या, फुलांची नथ, जे हवं ते. परडीत घालून परडी तळ्यात सोडायची. परडी बुडायची आणि वर यायची तेव्हा फुलांच्या जागी सोन्याचे तेच तेच दागिने असायचे. लग्न झालं की परत नेऊन सोडायचे. मग एका घराने ते परत केलेच नाहीत. तेव्हापासून परडी वर येत नाही.

अशी भांडी देणारी, दागिने देणारी पाणवठ्याची गोष्ट महाराष्ट्रात कितीतरी गावांत सांगतात. कुठे देणाऱ्या साती आसरा असतात, कुठे देवी. धामापूरला भगवती. पण मला इथे पायरीवर बसल्यावर जाणवलं ते देणाऱ्यापेक्षा मागणाऱ्याबद्दल. ज्यांच्या मुलीच्या अंगावर सोनं चढत नव्हतं अशा घरांनी ही गोष्ट जपली आहे. परडी करून तळ्याशी येणारी आई मला दिसत होती. पाणी अगदी शांत होतं, पलीकडच्या झाडांची सावली त्यात हिरवीगार पडली होती. दादा म्हणाला, "तळो कधी आटलेलो कोणी बघूक नाय." आम्ही बराच वेळ तिथे होतो.

रात्री मालवणला मुक्काम. बांगड्याचं तिखलं, त्यात तिरफळं, सोबत नाचणीची भाकरी. आजी ही भाकरी आम्हाला करून घालायची, स्वतः कधी खात नसे. पित्त होतं म्हणायची.

दुसरा दिवस : आचरा

सकाळी आचऱ्याला निघालो. आचरा हे गावपळणीचं गाव. तीन-चार वर्षांनी एकदा रामेश्वराचा कौल घेतात आणि कौल झाला की सगळा गाव उठतो. बारा वाड्या. तीन दिवस, तीन रात्री घरांना कुलपं. गाई-म्हशी, कोंबड्या, कुत्री, पाळण्यातली पोरं, अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं, सगळ्यांना घेऊन वेशीबाहेर जायचं. हिंदूच जातात असं नाही, गावातले मुसलमानही जातात. शिवेपलीकडे माळावर, खाडीकाठी खोपी उभारतात. चौथ्या दिवशी पुन्हा कौल. देवाने होकार दिला तर परत, नाही तर आणखी मुक्काम. अशीच गावपळण शेजारच्या चिंदरची आणि वायंगणीची आहे, आणि वैभववाडीकडे शिराळे गावाची तर दर वर्षी.

मी गेले तेव्हा गावपळण नव्हती. बाजार भरलेला, रामेश्वराच्या देवळात दोन म्हातारे खांबाला टेकून बसलेले. त्यांच्यातल्या एकाला मी विचारलं, तीन दिवस गावात कोण असतं? तो म्हणाला, "जे आसतत ते आसतत." पुढे बराच वेळ गप्प राहिला. मग आपण होऊन बोलू लागला. त्याच्या लहानपणी आई त्याला घेऊन बाहेर निघाली तेव्हा तिने चूल सारवून ठेवली होती, अंगणात सडा घातला होता, पाण्याची घागर भरून ठेवली होती. पोराने विचारलं, आपण तर चाललो, मग पाणी कोणासाठी? आईने तोंडावर बोट ठेवलं.

ही घागर माझ्या डोक्यातून दिवसभर गेली नाही. बाहेरचे लोक गावपळणीबद्दल लिहितात तेव्हा भुतांना भिऊन पळणारा गाव असं लिहितात. खूप पूर्वी साथ आली असेल, गाव मोकळा करून हवा शुद्ध करायची रीत पडली असेल, असंही कोणी सांगतं. असेलही. पण भिऊन पळणारा माणूस अंगणात सडा घालून जात नाही. रामेश्वर म्हणजे शंकर, भूतनाथ. त्याच्या राज्यात त्याच्या गणांनाही दिवस हवेत. इतकी वर्षं आपण इथे नांदतो ती जागा पूर्वी कोणाची तरी होती, आधी मेलेल्यांची, झाडांची, जनावरांची, आणि तीन दिवस ती त्यांना द्यायची. मी हे असं समजते. आचरेकरांनी मला असं काही सांगितलं नाही. ते गावपळणीबद्दल बोलतात ते सुट्टीसारखं : फुगड्या, भजनं, एकत्र रांधलेलं जेवण, तीन दिवस शेजाऱ्याशी भांडण नाही. एक बाई म्हणाली, लग्न होऊन आल्यावर जावांशी तिची मैत्री झाली ती गावपळणीत, खोपीत एका गोधडीवर झोपून.

रात्री वालावलजवळच्या एका गावात दशावतार होता. आम्ही अकराच्या सुमारास पोचलो. देवळासमोर मांडव, एका बाकावर पेटी-मृदंग आणि झांज, तेवढंच साहित्य. पडद्यामागे, मशेरीच्या आणि मुरदाडसिंगाच्या वासात एक नट स्त्रीवेष चढवत होता. त्याने सांगितलेली गोष्ट दशावतारी मंडळींत सगळ्यांना ठाऊक आहे, प्रत्येकजण ती आपल्या ओळखीच्या कंपनीवर घालतो.

एका कंपनीला अनोळखी माणसाने सुपारी दिली. पैसे रोख, गाव आडबाजूचा. मंडळी पेटारे डोक्यावर घेऊन गेली. मांडव तयार, दिवे लागलेले, माणसं दाटीवाटीने बसलेली. नाटक असं रंगलं की कधी रंगलं नव्हतं. एकच खटकत होतं. कुठे हसू नाही, कुठे खोकला नाही, कुठे पोर रडत नाही. पहाटे कोंबडा आरवला आणि सगळं विझलं. उजाडल्यावर बघतात तर मसणवट. पेटारे जाग्यावर, आणि हातातल्या पैशांची झाडाची पानं.

गालावर रंग लावत तो नट म्हणाला, त्याच्या गुरूने ही गोष्ट सांगून वर बजावलं होतं : समोर कोण बसलंय ते बघू नको, नाटक कमी करू नको. त्या पोरगेल्या माणसाने नंतर पहाटेपर्यंत द्रौपदी केली. मांडवात उरलेल्या साठ-सत्तर माणसांपुढे, ज्यातली निम्मी पेंगत होती, त्याने एक ओळ कमी केली नाही.

परतताना आम्ही वाट चुकलो. ओळखीचा रस्ता, तरी एकाच वडापाशी दोनदा आलो. नेटवर्क नव्हतं. तिसऱ्यांदा वड दिसला तेव्हा दादाने गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं, दिवे बंद केले. "बस गप," म्हणाला. मला आजीचं आठवलं : चकवा लागला की चालू नये, बसावं, विडी ओढणाऱ्याने विडी ओढावी, दिवस उजाडू द्यावा. आम्ही बसलो. काळोख इतका होता की स्वतःचा हात दिसेना. व्हाळाचा, म्हणजे ओढ्याचा, आवाज येत होता, मग लक्षात आलं की तो उजवीकडून येतोय आणि आपण तो डावीकडे धरून चाललो होतो. दादाने गाडी वळवली. दहा मिनिटांत मुक्कामाकडचा रस्ता लागला. रानात हरवलेल्या माणसाने धावत सुटण्यापेक्षा बसून राहावं, ही शिकवण एवढ्या वर्षांत किती जणांच्या उपयोगी पडली असेल!

तिसरा दिवस : आरवली

वेंगुर्ल्याहून शिरोड्याकडे जाताना आरवली लागते. वेतोबाच्या देवळाशी थांबलं की पहिल्यांदा दिसतात ती वहाणा. चामड्याच्या, जाड तळाच्या, माणसाच्या पायाला कधीच बसणार नाहीत एवढ्या मोठ्या. नवस फेडायला लोक वेतोबाला वहाणांचा जोड आणि केळ्यांचा घड वाहतात. वेतोबा रात्री गावाची राखण करायला शिवेवरून फिरतो, म्हणून त्याच्या वहाणा झिजतात. झिजलेले तळ मी बघितले. ते कसे झिजले हे विचारायला मी आले नव्हते.

गाभाऱ्यात मूर्ती उभी आहे, नऊ फुटांच्या आसपास. हा बसलेला देव नाही, उभा. निघालेला. आताची मूर्ती पंचधातूची, आधीची फणसाच्या लाकडाची होती. म्हणून आरवलीत फणसाचं लाकूड दुसऱ्या कामाला वापरत नाहीत. कोकणात, जिथे घराच्या दारापासून पाटापर्यंत फणस लागतो, तिथे हे सोपं नाही.

वेताळ म्हणजे भुतांचा राजा. गावाबाहेरच्या दगडावर शेंदूर फासलेला, अमावस्येच्या रात्री पालखीत बसून भुतांच्या मिरवणुकीपुढे मशाली नाचवत जाणारा, असा वेताळ देशावरही सांगतात. गोव्यातही त्याची देवळं आहेत, आमोण्याला, लोलयेला. पण आरवलीत तो वेतोबा होतो. विठोबा, खंडोबा, म्हसोबा, तसा वेतोबा. मुंबईत नोकरी लागली की त्याला कळवायचं, मुलीचं लग्न ठरेना की त्याच्याकडे कौल लावायचा. एक मध्यमवयीन बाई उभ्याने त्याच्याशी बोलत होत्या, जशी आपण थोरल्या भावाशी बोलू तशी. मुलगा आखातात आहे, दोन महिने फोन नीट नाही, तू बघ जरा. हात जोडून झाल्यावर त्यांनी त्याच्या पायांकडे पाहिलं आणि पुजाऱ्याला विचारलं, "जुनी झाली मा वहाणां?" मला त्या क्षणी रडू आलं. भुतांच्या राजाचे पाय दुखत असतील ही काळजी कुठल्या माणसांना सुचते?

देवळाबाहेर नारळ विकणाऱ्या म्हाताऱ्याशी बोलताना माझ्या तोंडून भूत हा शब्द गेला. तो म्हणाला, "भूत म्हणा नको गो बाय. राखणदार म्हण." मग त्याने समजावलं. देवचार तोही राखणदारच. खांद्यावर कांबळं, हातात घुंगुरकाठी आणि पेटती चूड. रात्री उशिरा एकटं माणूस येत असलं तर पुढे घुंगरांचा आवाज करत घरापर्यंत पोचवतो, वळून बघायचं नाही. वर्षातून एकदा त्याचा नारळ, त्याची विडी, कुठे सोऱ्याचा, म्हणजे दारूचा, घोट. त्याच्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही. दक्षिण कोकणातल्या पुष्कळ देवराया अशाच उभ्या राहिल्या आहेत, कोणाच्या तरी भीतीच्या आणि आदराच्या आधाराने. म्हाताऱ्याने बोट दाखवलं त्या राईत सातविणीची झाडं माझ्या कवेत मावणार नाहीत एवढी जाड होती.

इथे एक मात्र लिहिलंच पाहिजे. झाडावरच्या, बावीतल्या भुताची गोष्ट वेगळी आणि जिवंत बाईच्या अंगात भूत आहे म्हणून तिला मारणं वेगळं. ते दुसरं कोकणातही झालेलं आहे. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं गुन्हा ठरवलं, ते फार आधी व्हायला हवं होतं. बायंगी, म्हणजे घरात पैसा आणणारं भूत, विकत देतो म्हणून लोकांना नाडणारे भगत मी आजीच्या गोष्टींतून ओळखते, आणि आजी त्यांना शिव्या घालायची. तिला भुतांबद्दल माया होती, भगतांबद्दल नव्हती.

दिवस कलताना आम्ही आजीच्या माहेरी पोचलो. चिऱ्याचं घर, पुढे खळं, शेणाने सारवलेलं. मामीने पायांवर पाणी घातलं. माजघरात मोठी आजी बसली होती. आजीची भावजय, वय पंच्याऐंशीच्या पुढे, डोळ्यांना कमी दिसतं, आवाज खणखणीत. माझ्या तोंडावरून हात फिरवून म्हणाली, "तिचोच गो चेरो."

रात्री पेज जेवून झाल्यावर मी बावीबद्दल विचारलं. मामीने मामाकडे पाहिलं. मामा उठून ओट्यावर गेला. मोठी आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "माझ्या सासून माका सांगितल्यान. आता माझ्यामागे सांगूक कोण उरला नाय."

आजीला एक थोरली बहीण होती. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. वय सतरा असेल. दोन दिवस ती अडली, जवळ डॉक्टर नव्हता, वेंगुर्ल्याला न्यायला बैलगाडी जुंपली तेवढ्यात ती गेली. पोरही गेलं. मग जुन्या बायकांनी जे करायचं ते केलं. राळा घरात नव्हता. नाचणी होती. माझी आजी तेव्हा सात वर्षांची. तिला सांगितलं, कणगीतून सूपभर नाचणे काढून आण.

"सात वर्षांचा चेडू ता," मोठी आजी म्हणाली. "तेका काय ठावक? तेका वाटलां, ताय लांबच्या गावाक चाललीहा, वाटेत भूक लागात. म्हणान सूप काठोकाठ भरून हाडल्यान."

ती नाचणी घरापासून मसणापर्यंत वाटेवर पडत गेली. दुसऱ्या दिवशी कोणीतरी खेळता खेळता आजीला त्याचं कारण सांगितलं. त्या दिवसानंतर ती पहाटे उठून वाटेवर बसायची आणि धुळीतून दाणे वेचायची. आई मारायची, तरी वेचायची. ताईचं काम कमी व्हावं म्हणून. पाऊस लागला तेव्हा उरलेल्या दाण्यांना कोंब आले.

बावीवर ताई दिसते असं गावाने त्याच पावसाळ्यात म्हणायला सुरुवात केली. दुपारी बाराला, हिरवं लुगडं धुताना. पुढून भरलेली, पाठीमागून हाडांचा सापळा, जशी हडळ सांगतात तशीच. दोघी बहिणी त्याच बावीवर पाण्याला जायच्या.

मला त्या रात्री झोप आली नाही. पडवीत माडांचे झाप वाऱ्यावर घासत होते. गाडीत वाचलेली नोंद पुन्हा डोळ्यांपुढे येत होती. कुठल्यातरी मास्तराने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी सुवाच्य अक्षरात लिहून पाठवलेली ती चार वाक्यं. त्यानेही कधी आपल्या घरातून निघालेली अशी वाट बघितली असेल का?

चौथा दिवस : बाव

सकाळी मोठी आजी म्हणाली, "माका धरा. मी येतंय." मामी नको नको म्हणत होती. दादाने तिला जवळजवळ उचलूनच बागेतून नेलं. कलमांखाली पाला सुकून पडला होता, पायाखाली कुरकुरत होता. बाव चिऱ्याने बांधलेली, कठडा एका बाजूला खचलेला, आत नेचे वाढलेले. पाणी खोल, काळं आणि स्वच्छ. भीती वाटेल अशी मी तयारी करून आले होते. वाटली ती लाज. मरताना जिला कोणी वाचवू शकलं नाही, तिला आपण ऐंशी वर्षं पाणवठ्यावर एकटं ठेवलं.

बावीच्या मागे, जांभ्याच्या एका कपचीवर केळीचं सुकलेलं पान होतं. मी मोठ्या आजीकडे पाहिलं. तिला ते दिसत नसणार, पण माझं थांबणं तिला कळलं.

"देवदिवाळीक मी एक पान थंय ठेवतंय," ती म्हणाली. देवदिवाळीला कोकणात गावदेवाचं, राखणदाराचं, महापुरुषाचं, पूर्वजांचं, ज्याचं त्याचं पान वाढून ठेवतात. त्या पानांत हिने एक पान वाढवलं होतं, लग्न होऊन आल्याच्या पहिल्या वर्षापासून, नवऱ्यालाही न सांगता. तिने ताईला कधी पाहिलं नव्हतं. "सासू सांगताना रडली ती. मी म्हटलंय, घरातलाच माणूस मा? भायेर कित्याक ऱ्हवात?"

मी बरोबर खण आणला होता, वेंगुर्ल्याच्या बाजारातून घेतलेला, हिरवा. तो आणि नारळ कठड्यावर ठेवला. मोठ्या आजीने कुंकू लावलं, चाचपडत, बोट दोनदा चिऱ्यावर घासून. मग तिने ताईचं नाव घेतलं. आजीच्या तोंडून जे नाव आम्ही कधी ऐकलं नाही ते. मी ते इथे लिहीत नाही. घरी आईला सांगितलं आहे, आणि आईने आजीच्या फोटोमागे लिहून ठेवलं आहे.

दादाने बादली सोडली. रहाट गंजलेला होता, दोर हातानेच ओढावा लागला. पाणी आम्ही चौघांनीही प्यायलं. थंड होतं, किंचित गोडसर. मामी पहिल्यांदाच ते पाणी पीत होती, लग्नाला तीस वर्षं होऊन. प्यायल्यावर ती कठड्यावर बसली आणि खचलेला भाग दादाला दाखवून म्हणाली, उन्हाळ्यात एवढं बांधून घेऊ.

रात्रीच्या गाडीने निघायचं होतं. मामीने पिशवीत कोकमं, काजूगर आणि जुन्या साडीच्या तुकड्यात बांधलेलं नाचणीचं पीठ घातलं. मुंबईला पोचल्यावर दुसऱ्या दिवशी मी त्याच्या भाकऱ्या थापल्या. पहिली तव्यावरून उतरली ती आजीच्या फोटोपुढे ठेवली. शेजारी आणखी एक ठेवली.